एकट्या ड्रायव्हरची पंगत

“मामीला ताईचा साखरपुडा असा दाखवते, असा दाखवते, की तिला वाटलं पाहिजे आपण स्टेजवरच बसलोय!”

हे वाक्य ज्योतीनं भर अंगणात, सगळ्या भावकीसमोर, कमरेवर हात ठेवून टाकलं. मंडळी, माणसानं मोठं जरूर बोलावं, पण साक्षीदार बघून बोलावं! एकट्यानं बोललेलं परत गिळता येतं. भावकीसमोर बोललेलं घशातच अडकतं.

ज्योती अकरावी सायन्सला. पाथर्डी तालुक्यातल्या त्या वस्तीवर संगणकातलं कळणारी ती एकटीच, त्यामुळे कोणाचा मोबाईल अडकला, टीव्हीला मुंग्या आल्या, गिरणीची मोटार बंद पडली, की हाक एकच: “ज्योते!” गिरणीच्या मोटारीतलं तिला काहीही कळत नाही. पण हाक आली की ती जाते, दोन वायरी हलवते आणि गंभीर चेहरा करून परत येते. मोटार आपोआप चालू झाली तर नाव हिचं, नाही झाली तर दोष मोटारीचा!

तर तिच्या थोरल्या बहिणीचं, स्नेहलचं, राहुरीच्या रविराजशी जमलं होतं. साखरपुड्याची तारीख निघाली ती नेमकी ऊसतोडीच्या ऐन हंगामातली. आबासाहेब मामा आणि केशरमामी दिवाळी होताच टोळीबरोबर कोल्हापूरकडं गेलेले. आणि स्नेहल म्हणजे मामीचा जीव! ती पाळण्यात असताना आई आजारी पडली होती. तेव्हा मामीनंच तिला मांडीवर घेऊन वाढवलं.

“मला न्हाई जमायचं गं बाय,” मामी फोनवर म्हणाली होती. “फड पडलाय समोर, मुकादम सोडत न्हाई. पन लेकीच्या बोटात आंगठी जाताना मला दिसली पायजे. येवढं कर. मग मी काय सुदीक मागनार न्हाई.”

आई म्हणाली, “व्हिडिओ कॉल लाव की. झालं.”

व्हिडिओ कॉल! ज्योतीला हा शब्द अपमानासारखा लागला. जिच्या घरात साक्षात ज्योती आहे त्या घरानं व्हिडिओ कॉल करायचा? मग चंद्रावर बैलगाडीनं जा की! तिचा बेत ठरला होता: तीन मोबाईलचे तीन कॅमेरे. एक स्टेजवर, एक मांडवाच्या दारात, एक पंगतीत. तिन्ही तिच्या संगणकाला जोडायचे. कडेनं झेंडूची महिरप, खाली नावाची पट्टी, आणि सगळं थेट इंटरनेटवर. लिंक दाबली की कोल्हापुरात मांडव हजर!

संगणक मात्र शाळेनं भंगारात काढलेला. हेडसरांच्या मागं लागून तिनं तो आणला, धूळ झटकली, त्यात लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली आणि त्याला माणसात आणलं. पण वयापुढं कोणाचं चालतं? चाचणीला म्हणून तिनं रविराजभाऊजींचा व्हिडिओ लावला तर पडद्यावर आधी नाक यायचं आणि भाऊजी मागून!

मग ज्योतीनं शोधाशोध केली आणि तिला खजिनाच सापडला. संगणकाच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरी म्हणजे त्याचं अंगण. या अंगणात तो लहान लहान पानं मांडून काम चालवतो. आता त्या कर्नलच्या हाताखाली एक गडी असतो. तो हिंडून बघतो, कुठं लहान पानं शेजारी शेजारी पडलीत, आणि ती गोळा करून त्यांचं एक मोठं पान करतो. मोठं पान केलं की शोधाशोध कमी, काम झपाझप!

आणि गंमत म्हणजे या गड्याला हुकूम देता येतात. किती वेळ झोपायचं, एका फेरीत किती पानं बघायची, आणि एका मोठ्या पानात किती जागा रिकाम्या असल्या तरी चालतील. मोठ्या पानात पाचशे बारा लहान पानं मावतात. ज्योतीनं बघितलं तर पाचशे अकरा जागा रिकाम्या असल्या तरी चालतील, अशी परवानगी आधीपासूनच होती! म्हणजे एक जण बसला की अख्खी पंगत मांडायची. एवढा सढळ हात! फक्त हा गडी बोलावल्याशिवाय कुठं जात नव्हता.

“लाजतो काय!” ज्योती म्हणाली. तिनं हुकूम बदलले. बोलावणं येवो न येवो, सगळीकडं जायचं. झोपायचं अजिबात नाही. एका फेरीत दिसेल ते सगळं बघायचं.

एक मोबाईल जोडून थोडा वेळ चालवून पाहिलं. लोण्यासारखं! नाक आणि भाऊजी एकदमच आले. ज्योतीनं स्वतःचीच पाठ थोपटली. हात पोचत नव्हता, तरी थोपटली.

आता इथं दुसऱ्या एका कारभाऱ्याची ओळख करून द्यायला हवी: भिमाजी तात्या. वस्तीवर लग्न असो, बारसं असो, पंगत तात्यांची! त्यांचा नियम दगडावरची रेघ. पंगत पुरती भरल्याबिगर वाढायचं नाही. एक जागा जरी रिकामी असली तरी तात्या वाटेकडं बघत उभे. मग पाव्हणे उन्हात वाळोत की त्यांचं सुकं खोबरं होवो! गेल्या बारशाला आई त्यांना म्हणाली होती, “तात्या, मानसं भुकेनं पडायची येळ आली, जरा सैल सोडा की.” तेव्हापासून तात्या आईवर रुसलेले. या साखरपुड्याला वाढायला आले होते, पण रुसून आले होते.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. मांडव सजला. स्टेजशेजारच्या टेबलावर ज्योतीचा संगणक घरघरत होता. साऊंडवाला त्याच टेबलावर माईक ठेवून चहाला गेला होता. इतक्यात मामीचा फोन आला.

“ज्योते, इकडं समदी टोळी सुट्टी करून बसलीया! मोबाईल उसाच्या मोळीला टेकवून ठिवलाय. दिसंल ना नीट? बंद बिंद तर पडायचं न्हाई ना?”

“मामी, बंद पडायचं नाव काढू नकोस!” ज्योतीला स्फुरण चढलं. “मी आतल्या कारभाऱ्याला ताकीदच देऊन ठेवली आहे. कसं सांगू तुला? पंगत असते ना, तसं! त्याला सांगितलं, पंगत भरायची वाट बघायची नाही! एक माणूस बसला की अख्खी पंगत मांडून मोकळं व्हायचं! जागा रिकाम्या असल्या तरी सगळं वाढून टाकायचं! थांबायचं नाही, झोपायचं तर अजिबात नाही!”

मामी म्हणाली, “मला काय कळलं न्हाई, पन तू म्हनतीस तर बरंच आसंल.”

ज्योतीनं समाधानानं फोन ठेवला. शेजारच्या माईकवर एक छोटा लाल दिवा लागलेला होता. तो तिनं पाहिला नाही. मांडवाच्या चारही कोपऱ्यांवरच्या कर्ण्यांतून तिचा आवाज चुलाणापर्यंत, गोठ्यापर्यंत आणि पलीकडच्या वस्तीपर्यंत खणखणीत गेला होता. पण एका कानाला मामी, दुसऱ्या कानात संगणकाची घरघर, त्यामुळे हेही तिला कळलं नाही.

चुलाणापाशी भिमाजी तात्यांच्या हातातली पळी थांबली.

“ऐकलंत का रं?” ते वाढप्यांना म्हणाले. “घरमालकाचा हुकूम भोंग्यावरनं आला. कारभाऱ्याला ताकीद दिलीया म्हनं! झोपतो म्हनं मी!”

“तात्या, मग आता?”

“मग काय! आपला नियम गेला ढगात. एक मानूस बसला की आख्खी पंगत! पन्नास पत्रावळ्या! वाढा! बुंदी उडूं द्या!”

थोड्याच वेळात राहुरीकरांच्या जीपा आल्या. पाव्हणे स्टेजकडं गेले, हार-तुरे सुरू झाले. एका जीपचा ड्रायव्हर मात्र पहाटे निघालेला, पोटात कावळे. तो चांगला आडवा-उभा गडी, मिशा अशा की दोन्ही टोकांना कंदील लावावा. तो भीतभीत पंगतीच्या पट्टीवर येऊन बसला आणि म्हणाला, “घासभर मिळंल का?”

“मिळंल का?” तात्या गरजले. “मांडा रे!”

सर्रकन पन्नास पत्रावळ्या पडल्या. धडाधड पुऱ्या आल्या. वांग्याची भाजी, मसालेभात, बुंदीचे डोंगर, द्रोणात मठ्ठा. ड्रायव्हरच्या डावीकडं पंचवीस भरलेल्या पत्रावळ्या, उजवीकडं चोवीस, आणि माणूस एकच! तो कावराबावरा झाला.

“मामा, माझं काय चुकलं का?”

“गुमान जेवा! हुकूम हाय!”

मग दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर आला. तो मिशीवाल्याच्या ओळखीचा नव्हता, म्हणून लांब समोर जाऊन बसला. झालं! दुसरी पन्नासाची पंगत त्याच्यासाठी!

इकडं टेबलावर ज्योती तिसरा कॅमेरा दाखवत होती. नवरदेवाच्या नावाची पट्टी तिनं आधीच लावून ठेवली होती: चि. रविराज. म्हटलं, आधी पंगत दाखवू, मग स्टेजवर जाऊ, पट्टी तयार असली की बरं. डोळे सगळे त्या पट्टीच्या अक्षरांवर, पंगतीत काय चाललंय ते तिनं पाहिलंच नाही. तेवढ्यात संगणकानं एक मोठा सुस्कारा सोडला. पंखा रुं रुं करत वर चढला. माऊसचा बाण चिखलात रुतलेल्या बैलासारखा एका जागी उभा राहिला.

चित्र थिजलं!

ज्योतीनं एक बटन दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. मेमरी गच्च भरली होती. अशा वेळी संगणक जास्तीचं सामान डिस्कवर नेऊन टाकतो. म्हणजे घरात जागा नाही म्हणून भांडी शेजारच्या गावात ठेवायची आणि प्रत्येक चमच्यासाठी एसटी पकडायची! एका चित्राचा दुसऱ्या चित्राला पत्ता लागेना.

स्टेजवर गुरुजी म्हणाले, “अंगठ्या आणा.”

 मामी! मामीनं एकच तर मागितलं होतं!

आणि तिकडं कोल्हापुरात काय चाललं होतं माहीत आहे? उसाच्या मोळीला टेकवलेल्या मोबाईलभोवती अख्खी टोळी डोळे फाडून बसली होती. पडद्यावर झेंडूची सुरेख महिरप. महिरपीच्या मधोमध पन्नास भरलेल्या पत्रावळ्या. त्यांच्यामध्ये एकटा बसलेला मिशीवाला अवाढव्य गडी, तोंडात पुरी. आणि खाली सोनेरी अक्षरांत: चि. रविराज.

टोळीनं माना पुढं काढल्या.

“हा नवरदेव?” कोणीतरी म्हणालं.

“पन्नास पत्रावळ्या येकटा खातोय?”

“अन् वय बगा की त्याचं!”

केशरमामीनं पदर तोंडाला लावला. आबासाहेब मामांनी खिशातला आपला मोबाईल काढला आणि बहिणीला, म्हणजे ज्योतीच्या आईला, फोन लावला. आईचा मोबाईल कायम स्पीकरवर. एकदा तो तसा झाला आणि परत कसा करायचा हे तिला माहीत नाही. ज्योतीला ते दुरुस्त करायला सांगितलं होतं, पण ज्योती तेव्हा कर्नल दुरुस्त करत होती.

“आक्का!” मामांचा आवाज स्टेजभर घुमला. “ही सोयरीक मोडा! लेक आमाला जड न्हाई झाली! राक्षसाच्या घरी द्यायची न्हाई!”

स्टेजवरच्या सगळ्या माना आईकडं वळल्या. रविराजचे वडील आप्पासाहेब यांच्या हातातला पानाचा विडा अर्ध्यावरच थांबला. खरा रविराज, किडकिडीत, चष्मा लावलेला, ज्याचं वजन हारांसकट पन्नास किलो भरलं नसतं, तो कसनुसा हसला.

“राक्षस कोन?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“अवो, त्यो... त्यो मजेनं बोलतोय,” आई म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

“मजेनं न्हाई!” फोनमधून मामा ओरडले. “मी डोळ्यानं बगतोय!”

त्याच क्षणी ज्योतीचा फोन वाजला. मामी! मामी रडत होती.

“ज्योते, खरं सांग माझ्या बाई. येवढा थोराड नवरा? आन एका मानसापुढं पन्नास पत्रावळ्या मांडल्याती, समद्या भरून! आगं, पंगतीत मानसंच न्हाईत, वाढताय कुनाला?”

ज्योतीनं मान वर करून पंगतीकडं पाहिलं. एक ड्रायव्हर इकडं, एक ड्रायव्हर तिकडं, आणि मधे वाऱ्यावर फडफडणाऱ्या भरल्या पत्रावळ्याच पत्रावळ्या. गावातलं एक कुत्रं कोपऱ्यात बसून आपण स्वप्नात आहोत की काय असा विचार करत होतं.

“तात्या! हे काय केलंत?”

“तूच सांगितलंस की भोंग्यावरनं! एक मानूस बसला की आख्खी पंगत! आता बुंदीचा तळ दिसाय लागला. पुढचं मला इचारू नगंस!”

ज्योतीच्या डोक्यात लख्ख वीज चमकली. ती टेबलाकडं वळली. गच्च भरलेल्या मेमरीत तिचा गडी अजूनही धावत होता. एवढंसं काम दिसलं की त्यासाठी अख्खी पंगत मांडत होता! इकडं तात्या, तिकडं कर्नल. दोघांना एकच हुकूम एकाच मुलीनं दिला होता आणि दोघांनीही तो इमानेइतबारे पाळला होता!

तेवढ्यात स्टेजवर वेगळंच घडलं. तमाशा नको म्हणून गुरुजींनी घाईघाईनं अंगठी रविराजच्या हातात दिली आणि म्हणाले, “चला, घाला!” स्नेहलनं बोट पुढं केलं.

मामीला दिसणार नाही! ज्योतीनं विचार केला नाही. हाताला लागेल ते उचललं. लागला माईक.

“थांबा! अंगठी घालू नका!”

चारही कर्णे किंचाळले. मांडव गोठला. मामाचं “मोडा”, त्यावर नवरीच्या बहिणीचं “थांबा”! राहुरीकर एकजात उभे राहिले. कोणीतरी चपला शोधू लागलं. स्नेहलनं ज्योतीकडं असं पाहिलं की त्या नजरेवर पुऱ्या तळून निघाल्या असत्या.

“ज्योते,” ती दातांतल्या दातांत म्हणाली, “तू घरी चल. नुसती घरी चल!”

“ताई, तसं नाही! भाऊजी चांगले आहेत! राक्षस तो नाही!” ज्योतीनं माईकमध्येच खुलासा सुरू केला. “राक्षस तो तिकडं बसलाय!”

आणि तिनं बोट दाखवलं. तीनशे माना पंगतीकडं वळल्या. मिशीवाल्या ड्रायव्हरच्या हातातली बुंदी हातातच राहिली. तो ताडकन उभा राहिला, कोपरापासून हात जोडले आणि कळवळून ओरडला,

“ओ, मी नवरदेव न्हाई ओ! मला दोन पोरं हाईत! मी फकस्त भुकेला हाय!”

 मग आप्पासाहेबांच्या पोटातून काहीतरी गडगडलं. ते हसत होते! ते हसले तसे राहुरीकर हसले, भावकी हसली, गुरुजी हसले. आईनं हसत हसतच मामाला सगळं समजावलं. चपला शोधणारा गुपचूप खाली बसला.

“पोरी,” आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले, “मामीला दिसू दे. आमी थांबतो. पन लवकर कर, ह्यो गुरुजी घड्याळाकडं बगतोय.”

ज्योती कामाला लागली. संगणकातला गुदमरलेला प्रोग्राम बंद केला. गड्याला नवे हुकूम दिले: बोलावलं तरच जायचं, मधे मधे झोप घ्यायची, आणि पंगत पुरती भरल्याबिगर मोठं पान मांडायचं नाही. एकही जागा रिकामी चालणार नाही! थोडक्यात, तिनं संगणकात भिमाजी तात्या बसवले.

पुन्हा चालू केलं. पंख्यानं श्वास सोडला. चित्र आलं. हललं! स्टेज दिसलं, स्नेहल दिसली, रविराजचा चष्मा चकाकला आणि खाली पट्टी आली, या वेळी खऱ्या माणसाखाली. अंगठी बोटात गेली.

फोनमधून आधी हुंदका आला, मग अख्ख्या टोळीच्या टाळ्या.

“दिसली गं बाय! दिसली!” मामी म्हणत होती. मग नाक ओढून हळूच म्हणाली, “पन ह्यो लईच बारीक हाय गं. आमाला वाटलं हुतं येवढा मोठा गडी, फडात बरा पडला आसता!”

आता राहिला प्रश्न भरलेल्या शंभर पत्रावळ्यांचा. तात्यांनी मिशीला पीळ दिला आणि हाक घातली, “राहुरीकर, बसून घ्या! तयार हाय!” पाव्हणे आले, बसले आणि थक्क झाले. बसायच्या आधीच पान वाढलेलं! पुऱ्या जरा चिवट झाल्या होत्या, पण भुकेल्याला काय!

“वा!” आप्पासाहेब म्हणाले. “आमच्याकडं पंगतीत बसलं की वाट बघून मान दुखती. इथं बसायच्या आदी जेवन! ही कुनाची अक्कल?”

तात्या काही बोलायच्या आत ज्योतीनं हात वर केला. सवयच तिला!

“माझी!”

“आसं व्हय?” तात्यांनी सावकाश मान हलवली. त्यांचा रुसवा कुठल्या कुठं पळाला होता, आणि ते बघून ज्योतीला उगाचच धडकी भरली. “मग बरं झालं बोललीस. आपल्याकडं येक नियम हाय. ज्यानं पंगत मांडली, उष्टं त्यानंच काढायचं.”

उन्हं कलली. पाव्हणे गेले. नवं परकरपोलकं खोचून, हातात टोपलं घेऊन, ज्योती पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून पत्रावळ्या गोळा करत होती. एकेक लहान उचलायची आणि त्यांचा एक मोठा ढीग करायचा. ढीग भरल्याबिगर उकिरड्याकडं जायचं नाही, अशी तात्यांची सक्त ताकीद!

खिशातला फोन वाजला.

“ज्योते,” केशरमामी खुशीत होती, “काय झ्याक दिसतंय गं! येकदा बी अडकलं न्हाई. समदी टोळी अजून बगत बसलीया.”

“अजून? अगं, साखरपुडा तर कधीच संपला. काय बघताय?”

“तुला की! पंगतीतला क्यामेरा चालूच हाय न्हवं. आन आयक, ती कोपऱ्यातली येक पत्रावळ राहिली बग तुझी. मागं, मागं. हां, तीच!”